दोन दारांमधलं अंतर

हेमा,

मी आत आले नाही. सगळ्या बिल्डिंगने ते पाहिलं आणि अजून सगळी बिल्डिंग त्यावर बोलते आहे. तुला घरी आणलं, हॉलमध्ये ठेवलं, तासभर माणसं येत-जात राहिली, आणि समोरच्या घरात राहणारी, तुझी इतक्या वर्षांची मैत्रीण म्हणवणारी मी आपल्याच दारात उभी राहून बघत होते. खालच्या मजल्यावरच्या शहाभाभी वर आल्या, त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "चला ना रेखाबेन, दर्शन घेऊन घ्या." मी हात सोडवून घेतला आणि मागे सरकले. त्या बिचाऱ्या बघतच राहिल्या.

तुला कारण सांगायची गरज नाही. त्याच आठवड्यात मी डोस घेऊन आले होते. शिरेतून आत सोडलेलं ते किरणोत्सारी ल्युटेशियम माझ्या अंगात होतं आणि माझ्या अंगातून किरण बाहेर पडत होते. तुझ्या उशाशी अनघा बसली होती. तुझ्या भावाची मुलगी, सातवा महिना लागलेली, रडून रडून डोळे सुजलेली. भोवती नात्यातली दोन-तीन लहान मुलं. डोसनंतर गरोदर बाईपासून आणि मुलांपासून लांब राहायचं, हे मला तूच घोटून शिकवलं होतंस. मग मी काय करायला हवं होतं? हे तुलाच विचारते आहे. दुसऱ्या कुणाला विचारू?

मुलुंडच्या आपल्या या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर दोनच घरं. तुझं दार उघडलं की माझं दार समोर. तू सकाळी तुझ्या संशोधन संस्थेच्या बसने जायचीस, संध्याकाळी यायचीस, आणि बॅग खाली ठेवायच्या आधी वाटेवरच्या देवनारच्या कचरा डेपोला शिव्या घालायचीस. बसमध्ये लागलेली झोप तिथल्या वासाने मोडते, ही तुझी रोजची तक्रार. तू करतेस काय ते मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. केमिस्ट्रीतलं काहीतरी, एवढंच. एकदा तू म्हणालीस, "मी औषधं बनवते," तर मी विचारलं, "कुठल्या कंपनीची?" तू इतकी हसलीस की चहा सांडलास माझ्या नव्या चादरीवर. तो डाग गेला नाही.

मग माझं ते लाल होणं सुरू झालं. हसले की चेहरा लाल, तिखट खाल्लं की मान लाल, आणि नंतर पोट बिघडलेलं. एक डॉक्टर म्हणाले, पाळी जाताना होतं असं. दुसरे म्हणाले अॅसिडिटी. तिसरे म्हणाले, मिस्टर गेल्यापासून तुम्ही फार मनाला लावून घेताय. अरुणला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, म्हणून मलाही ते पटलं. एका रविवारी दुपारी तुझ्याकडे जेवत होते. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं केलं होतंस. मी कशावरून तरी हसले आणि तू जेवता जेवता थांबलीस.

"रेखे, हे असं कधीपासून होतंय?"

"काय?"

"तोंड बघ आरशात. आणि दिवसातून किती वेळा संडासला पळतेस?"

"अगं, जेवतोय ना आपण!"

"जेव गो. जेवता जेवता सांग."

अशी तू. मालवणातून तुझे वडील मुंबईला आले त्याला जन्म उलटला, पण तुझा गो काही गेला नाही. पुढच्या आठवड्यात तू रजा टाकून माझ्याबरोबर तपासणीला आलीस. लहान आतड्यात गाठ, यकृतात तिची पिल्लं. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, रक्तात संप्रेरकं सोडणारा कॅन्सर; ते लाल होणं त्याचंच. ज्या आजाराच्या औषधात तू अर्धं आयुष्य घातलं होतंस, तोच आजार समोरच्या दारात. मी त्या दिवशी रडायचं सोडून तुझ्यावरच उखडले. म्हटलं, तुझ्या डोक्यात चोवीस तास तेच, म्हणूनच माझ्या पोटात ते निघालं. तू म्हणालीस, "बरं झालं तुझ्यात निघालं. याच्यावर निदान आमच्याकडे काहीतरी आहे."

ते 'काहीतरी' म्हणजे काय ते तू मला समजावलंस तेव्हा मला पहिल्यांदा तुझ्या कामाचा हेवा वाटला. या गाठीच्या पेशींवर एक ठरावीक खूण असते. ती खूण बरोबर ओळखणारा प्रथिनाचा एक चिमुकला तुकडा बनवायचा. त्याला ल्युटेशियम बांधायचं. तुकडा पत्ता शोधत गाठीपर्यंत जातो, चिकटतो, आणि किरणांनी गाठ आतल्या आत जळते. "पत्ता त्याच्याकडे, सामान आमचं," असं म्हणायचीस. पण तेवढ्यावर तू कधी खूश नव्हतीस. त्यातलं थोडं मूत्रपिंडात अडकतं, ते कसं कमी करायचं, यावर तुझी शेवटची वर्षं गेली. मी विचारायचे, काय म्हणतंय तुझं नवं औषध? तू म्हणायचीस, "उंदरांना बरं वाटतंय." आणि लगेच माझा क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागायचीस. मला तर कधी कधी वाटायचं, तुझं प्रेम माझ्यापेक्षा माझ्या मूत्रपिंडांवर जास्त आहे.

पहिल्या डोसला तू हॉस्पिटलमध्ये आली नाहीस. मला राग आला होता. तू म्हणालीस, तिथे मी गेले की तिथल्या मुलींचे हात थरथरतात, परीक्षा घ्यायला आल्यासारखं वाटतं त्यांना. दुसऱ्या दिवशी मी घरी आले. केतकीला, माझ्या मुलीला, ठाण्याहून यायला तू मनाई केली होतीस. तिला दिवस राहिले होते. मी दार लावून घेतलं आणि पलंगावर बसले. माझी भांडी वेगळी, टॉवेल वेगळा, संडासात दोनदा पाणी सोडायचं. मला आमच्या आजीच्या काळच्या बाहेर बसणाऱ्या बायका आठवल्या. इतकं एकटं मला अरुण गेला तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा घरात माणसं मावत नव्हती.

संध्याकाळी बेल वाजली. दार उघडलं तर मधल्या जागेत पेजेचा डबा, आणि तू तुझ्या दारात खुर्ची टाकून बसलेली.

"डबा उचल आणि तुझी खुर्ची आण. तिथेच बस, पुढे येऊ नकोस."

"अस्पृश्य केलंस मला."

"गप गो. त्यात दुसऱ्याचा अपमान होता. इथे फक्त अंतर आहे. एवढ्या अंतरावर मी तुझ्याशी दोन तास भांडू शकते, मला काही होत नाही. मोजलंय मी."

आणि खरंच भांडलीस. दर डोसनंतर, रोज संध्याकाळी, दोन उघड्या दारांत दोन खुर्च्या. वरच्या मजल्यावर कुणी येणारं-जाणारं नाही म्हणून आपलं फावलं. मालिका, महागाई, सोसायटीची पाण्याची टाकी, तुझ्या वहिनीच्या बोरिवलीच्या किटीपार्ट्या, काहीही चालायचं. ओरडून बोलावं लागायचं, त्यामुळे खाली शहांकडे आवाज जायचा, शब्द कळायचे नाहीत. त्यांना वाटायचं आपलं वाजलंय. आजारपण मात्र आपण कुणाला कळू दिलं नाही. माझ्याकडे कामाला येणाऱ्या कमलने पहिल्या वेळी 'रेडिएशन' हा शब्द ऐकला आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. तू तिला समजवायला तिच्या घरापर्यंत जाऊन आलीस, उपयोग झाला नाही. तेव्हापासून बिल्डिंगसाठी मला अल्सर आहे.

बारशाचं भांडण मात्र खरं होतं. ते अजून संपलेलं नाही.

केतकीला मुलगा झाला आणि बारशाच्या आधी माझा डोस आला. डोस पुढे ढकलता येतो का म्हणून मी विचारलं. तू म्हणालीस, ते काय लोणचं आहे बरणीत ठेवायला? तयार झाल्या क्षणापासून ते कमी होत जातं. ठीक, डोस घेतला. पण बारशाला आजी नाही म्हणजे काय? मी साडी काढून ठेवली होती. मी म्हटलं, पाच मिनिटं जाते, कानात नाव सांगते आणि येते.

"पाच मिनिटंसुद्धा नाही."

"पाच मिनिटांनी काय आकाश कोसळणार आहे? तूच सांग, किती बाधा होईल त्याला?"

"फार नाही. जवळजवळ नाहीच."

"मग?"

"तुला त्या किरणांचा फायदा आहे म्हणून तू ते सोसतेस. त्याला कसला फायदा?"

"त्याला आजी मिळेल."

"आजी पुढच्या महिन्यात मिळेल. आणि त्याला विचारलंयस का, चालेल का म्हणून?"

"बारा दिवसांच्या बाळाला विचारू?"

"तेच म्हणतेय मी. ज्याला विचारता येत नाही, त्याच्या वतीने आपण हो म्हणायचं नसतं."

मी दार आपटलं. पुढच्या संध्याकाळी तू खुर्ची टाकून बसलीस, मी दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्या संध्याकाळीही नाही. मग मला घरात करमेना, उघडलं. तू पेपर वाचत होतीस. वर न बघता म्हणालीस, "नाव काय ठेवलं?" मी म्हटलं, "ईशान." तू म्हणालीस, "बरं आहे." विषय तिथेच राहिला. मला तेव्हाही वाटत होतं आणि आताही वाटतं, की तुझं सगळं बरोबर असूनही काहीतरी चुकत होतं. ते काय, हे मला तुझ्याशी कधी नीट मांडता आलं नाही. तू वाद घालण्यात माझ्यापेक्षा नेहमीच हुशार.

मधली काही वर्षं छान गेली. ईशान शाळेत जायला लागला. तू निवृत्तीचे बेत करायला लागलीस, म्हणजे मी करायला लागले आणि तू नाक मुरडायला. मग या वर्षी स्कॅनमध्ये गाठी पुन्हा जाग्या झालेल्या दिसल्या. मी म्हटलं पुरे आता. तू जवळजवळ महिनाभर माझ्या मागे लागलीस. डोस पुन्हा घेता येतो, तुझी मूत्रपिंडं ठणठणीत आहेत, मी त्यांना ओळखते, असलं काहीबाही. शेवटी मी हो म्हटलं. खरं सांगू, गाठींसाठी मी फारशी तयार नव्हते. संध्याकाळच्या खुर्च्या पुन्हा लागतील हे एक आमिष होतं. तुला हे सांगायचं राहिलं.

डोस घेऊन आले त्या संध्याकाळी तू बसलीस. थकलेली दिसलीस. मी विचारलं तर म्हणालीस, डोकं दुखतंय, बसमध्ये एसी फार होता. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तू कोसळलीस. मेंदूत रक्तस्राव. तुझ्या वहिनीचा फोन आला तेव्हा मी तुझीच वाट बघत होते, बसची वेळ झाली म्हणून दार उघडून ठेवलं होतं. त्यानंतर दोन दिवस आयसीयू. तिथे मला येता येणार नव्हतं. मग तू घरी आलीस.

त्या तासाभरात एकच बाई माझ्याकडे आली जिला सगळं ठाऊक होतं. तुझ्या प्रयोगशाळेतल्या कामतबाई. तुझ्या तोंडून त्यांच्याबद्दल एवढं ऐकलं होतं की पाहताक्षणी ओळखलं. त्या मधल्या जागेत आल्या आणि बरोबर जिथे थांबायचं तिथे थांबल्या. तुमच्या लोकांना ती जागा कशी कळते कोण जाणे.

"तुम्ही रेखाताई ना? डोस कधी झाला?"

मी सांगितलं.

"अनघाला मी जरा आतल्या खोलीत नेऊन बसवते. मुलांनाही नेते. तुम्ही जाऊन या."

"नको."

"अहो, पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

"ती तिच्या आत्याजवळ बसलीय. तिला कशाला उठवायचं? नको."

"हेमाला आता तुमच्यापासून काय होणार आहे?" असं म्हणाल्या आणि त्यांनाच रडू फुटलं.

त्या घरात माझ्यापासून जिला कसलीच बाधा होणार नव्हती अशी तू एकटीच होतीस. आणि तुझ्याचपर्यंत मला पोचता येत नव्हतं. अनघाने तेवढ्यात मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ बघत होती. मला वाटलं, तीही तेच म्हणत असणार, आत्याची एवढी मैत्रीण आणि आत येत नाही. मी नजर वळवली. मग तुला उचललं. जिना अरुंद, वळणावर लोकांची तारांबळ उडाली, तुझा भाऊ ओरडत होता, "सांभाळून, सांभाळून." मी तुला नमस्कार केला की नाही तेही मला आठवत नाही. तू गेलीस, सगळे उतरले, आणि मजल्यावर मी एकटी.

तुझ्या संस्थेत शोकसभा झाली. मी गेले नाही, पण कामतबाईंनी फोनवर सगळं सांगितलं. तुमचे कुणी मोठे साहेब म्हणाले म्हणे, हेमाताईंच्या आठवणींचं अर्धायुष्य कधीच संपणार नाही. कामतबाई म्हणाल्या, हेमा असती तर उभी राहून म्हणाली असती, साहेब, अर्धायुष्य संपत नसतं, तेवढ्या वेळात निम्मं उरतं एवढंच, पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. आम्ही दोघी फोनवर हसलो. तू गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले आणि चेहरा लाल झाला की काय म्हणून आरशात जाऊन पाहिलं. झाला नव्हता. औषध काम करतंय बहुतेक. हे सांगायला मी दाराकडे वळलेसुद्धा.

परवा अनघा आली. तुझं घर आवरायला तिचे आई-वडील आले होते, ती त्यांच्याबरोबर. बेल वाजली, दार उघडलं, आणि तिचं पोट पाहून मी सवयीने मागे झाले.

"काकू, येऊ ना आत? तुमचे लांब राहायचे दिवस संपलेत. मी कामत मॅडमना फोन करून विचारून घेतलंय."

मी म्हटलं, तुला हे कुणी सांगितलं?

"आत्यानेच. मला दिवस राहिल्यावर पहिल्यांदा आले ना इथे, तेव्हाच सांगितलं. म्हणाली, समोर रेखाकाकूकडे डोसनंतर जायचं नाही, आणि का ते कुणाला बोलायचं नाही."

"म्हणजे त्या दिवशी तुला माहीत होतं?"

"हो मग! मी तुमच्याकडे बघत नव्हते का? तुम्ही हाक माराल म्हणून बघत होते. किंवा नुसती मान हलवाल. मी उठून आत गेले असते ना काकू. पाच मिनिटं कशाला, हवं तेवढा वेळ."

"तुला कसं उठवायचं, असं वाटलं मला."

"अहो पण मला विचारायचं तरी! तुम्ही दोघी ना अगदी सारख्या. दुसऱ्याचं सगळं आपणच ठरवून मोकळ्या."

हेमा, बाळाला विचारता येत नाही हे मान्य. पण ही चांगली तीस वर्षांची मुलगी, एका हाकेवर, आणि मी तिला विचारलं नाही. तुझा नियम पाळला म्हणून मी मनातल्या मनात थोडी ताठ होते. म्हणत होते, लोक काही बोलोत, हेमाला पटलं असतं. आता तेही उरलं नाही. तू असतीस तर मला मूर्ख म्हणाली असतीस, आणि मी म्हटलं असतं, तूच शिकवलंस, आणि आपण रात्रीच्या जेवणापर्यंत भांडलो असतो.

अनघाने मला मिठी मारली. पोट मध्ये येत होतं, तरी मारली. किती दिवसांनी कुणीतरी माझ्या इतकं जवळ आलं होतं. मग ती खाली उतरली, तुझ्या दाराला तिच्या वडिलांनी कुलूप लावलं, आणि मी घरात येऊन बसले.

तेव्हापासून एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करते आहे. तुला मी शेवटचा हात कधी लावला? डोसच्या दिवसांत लावला नाही, ते पक्कं. त्याच्या आधी रोज भेटत होतो. चहाचा कप देताना बोटांना बोटं लागली असतील. जिना चढताना तू माझा दंड धरला असशील. पण त्यावेळी कोण लक्ष देतं? खूप आठवून पाहिलं, हेमा. नाही आठवत.